दणक्याच्या उजव्या हाताबाबत

अर्जदार: दणक्या. वय तिशीच्या आत. घटनेच्या वेळी राहणार बेंगळूरु, पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या मागील गल्ली, पत्र्याची खोली. धंदा: दिवसा कारखान्यात पत्रा ठोकणारी प्रेस चालवणे, उरलेल्या वेळी आवाज तयार करणे. खरे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे. त्या नावाने हाक मारली तर तो वळून पाहत नसे, म्हणून येथे नमूद केलेले नाही.

गैरअर्जदार क्रमांक एक: सदर कारखान्याचे मालक. गैरअर्जदार क्रमांक दोन: त्याचा उल्लेख योग्य जागी येईल.

घटना: मंगळवार, सकाळची पाळी, चहाच्या घंटेआधी. तारीख कचेरीच्या कागदात आहे आणि ती कोणीही नाकारलेली नाही.

साक्षीदार: पहिली, मृण्मयी, मूळची पुण्याची, के. आर. पुरमकडच्या एका संगणक कंपनीत नोकरीला. दुसरी, नंजक्का, माझ्या टेबलाशेजारी चहा विकणारी. तिसरा साक्षीदार माणूस नाही. ती साबणाच्या वडीएवढी काळी पेटी आहे. तिच्यात आवाज साठतो. ती आज माझ्या खणात कुलपात आहे.

उपरोक्त दणक्याची ओळख सांगायची तर तो कोणत्याही वस्तूशी व्यवहार करण्यापूर्वी तिला मारत असे. उजव्या हाताचे मधले बोट वाकवून त्याच्या सांध्याने खुर्चीवर, खांबावर, चहाच्या पेल्यावर, भिंतीवर एक टोला द्यायचा, मान कलती करून ऐकायचे, आणि मगच बसायचे, टेकायचे किंवा प्यायचे. एकदा त्याने उभ्या असलेल्या सरकारी जीपच्या बॉनेटवर टोला दिला. आतून ड्रायव्हर उतरला आणि त्याने दणक्याच्या कानाखाली वाजवली. दणक्याने गाल चोळला, डोळे मिटले आणि म्हणाला, "जीपपेक्षा ह्याचा हात चांगला वाजतो."

मी जयनगरात एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर अर्ज लिहून देतो. माझे वडीलही हेच करत. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी कानडी, मराठी आणि कामापुरते इंग्रजी या तिन्ही भाषांत माझ्या मसुद्याला नाव ठेवणारा साहेब अद्याप त्या कचेरीत आलेला नाही. दणक्या पहिल्यांदा माझ्याकडे आला तो आरोपी म्हणून. गल्लीतल्या नऊ घरांनी मिळून त्याच्या आवाजाविरुद्ध तक्रार केली होती आणि त्याला लेखी खुलासा द्यायचा होता. बसण्यापूर्वी त्याने माझ्या टेबलाला टोला दिला.

"अण्णा, हे टेबल आतून पोकळ आहे."

"हे शिसवी टेबल आहे. माझ्या वडिलांचे आहे. पोकळ तुझे डोके असेल. बस."

"बसतो. पण कुणीतरी खातंय की ह्याला आतून."

नंजक्का किटली खाली ठेवून हसली. हा पोरगा लाकडाशी बोलतो, तू कागदाशी बोलतोस, जोडी चांगली जमली, असे ती कानडीत म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

माझ्या धंद्यात एक वाक्य आहे. वडिलांनी मला पेन धरायला शिकवले त्याच आठवड्यात ते शिकवले. "माझ्या नजरचुकीने घडलेल्या प्रकाराबद्दल क्षमा असावी." शिधापत्रिकेवरचे चुकलेले नाव असो, उशिरा नोंदवलेला जन्म असो, हरवलेला दाखला असो, चूक कचेरीचीच असली तरी हे वाक्य अर्जदाराने आपल्या अंगावर घ्यायचे. साहेबाला समोर वाकलेली मान दिसली की त्याचा हात शिक्क्याकडे वळतो. मी ते कानडीत लिहितो, आणि गिऱ्हाईक आपल्यातले असेल तर अर्जाचे मराठी करून मोठ्याने वाचून दाखवतो. वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाचीही सही घेत नाही. या नियमाचा मला अभिमान होता.

दणक्याचा खुलासा मी त्याच वाक्याने सुरू केला. नजरचुकीने आवाज वाढला, पुढे असे होणार नाही. तक्रार निकालात निघाली. आवाज अर्थातच कमी झाला नाही. दणक्या माझ्यासाठी चिरोटी घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या एका वाक्यानं नऊ घरं गप्प. माझ्या सहा स्पीकरांनी झालं नाही ते." त्या दिवसापासून त्याने मला वडीलधारे मानले, आणि मीही ते मानू दिले.

त्याच्या आग्रहावरून एका रविवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे ठोकलेले, मध्ये एक जुना लॅपटॉप, त्याची दोन बटणे गायब. त्याने मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, खुर्चीला आधी टोला दिला, आणि वाजवायला सुरुवात केली. विदित व्हावे की मी भजनी मंडळात वाढलेला माणूस आहे. पहिल्या ठोक्याला माझा चष्मा नाकावरून घसरला. दुसऱ्या ठोक्यापासून कोणीतरी छातीवर बसून बरगड्या मोजतो आहे असे वाटू लागले, आणि मोजणाराला घाई होती. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. मध्येच एक किंकाळी येई, ती माणसाची की पत्र्याची ते कळत नसे. मी पाच मिनिटे सहन केले आणि विचारले, "हे गाणे सुरू कधी होणार?"

"अण्णा, संपत आलं की."

ते ठोके त्याच्या प्रेसचे होते. पन्नास टनी प्रेस पत्र्यावर पडते तो आवाज तो काळ्या पेटीत भरून आणी. पेटी बुटाच्या नाडीने त्याच्या गळ्यात असे. कामावर गेला की यंत्राजवळच्या खिळ्याला. घरी आणून तो त्या आवाजाचे, त्याच्याच शब्दांत, तोंड फाडत असे. लॅपटॉपच्या पडद्यावर एक उभी पट्टी हिरवी, मग पिवळी, मग लाल होई. "लाल झाल्यावर लोक थांबतात," तो म्हणे, "मी तिथनं सुरू करतो."

मृण्मयीशी त्याची ओळख इंटरनेटवर झाली. ती आणि तिचे दोन मित्र असले अघोरी संगीत कॅसेटवर आणि इंटरनेटवर प्रसिद्ध करीत. दणक्याचे पहिले प्रकाशन तिनेच करायचे ठरवले आणि त्याची मुलाखत घ्यायला ती माझ्या टेबलाशी आली, कारण दणक्याने पत्ता माझा दिला होता. तिने विचारले, "तुझे इन्फ्लुएन्सेस काय आहेत? म्हणजे कुणाला ऐकून तू हार्डकोरकडे आलास?" परदेशातली दोन-चार नावे ऐकायला मिळतील म्हणून ती पेन सरसावून बसली होती. नावे त्याला ठाऊक होती. फोनवर तो ती रात्रंदिवस ऐकत असे. पण तो म्हणाला:

"पहिला गुरू प्रेस. दुसरा गुरू तमटे. आमच्या गल्लीत कुणी मेलं की तमटेवाले येतात, ते चामडं बडवत, मढ्यापुढं नाचत नेतात. रडणाऱ्यांचे पाय पण हलायला लागतात. तिसरा गुरू माझा बाप."

"ओ, वडील म्युझिशियन होते?"

"टेलर होते. कापड मोजायच्या गजानं मारायचे. मोजून मारायचे. एक, दोन, तीन. मग थांबायचे. चौथा कधी पडणार ते सांगायचे नाहीत. कधी लगेच, कधी जेवण झाल्यावर. त्या तीनचं दुखायचं नाही की, चौथ्याची वाट बघण्यात जीव जायचा." त्याने माझ्या टेबलावर तीन टोले दिले आणि हात हवेत ठेवला. मृण्मयी, मी आणि नंजक्का, तिघेही त्या हाताकडे पाहत राहिलो. तो हसला. "हे माझं म्युझिक. लिहा ताई."

आता घटना. सदर प्रेस पायाने चालते. पायडल दाबले की एक बारीक खट् होते आणि वरचा ठोकळा धण् करून खाली येतो. तो वर गेला की कामगाराने हात घालून तयार चकती काढायची आणि नवा पत्रा ठेवायचा. पायडल पुन्हा दाबल्याशिवाय ठोकळा खाली येता कामा नये. परंतु आतली पिन झिजली की तो आपणहून दुसऱ्यांदा पडतो. कामगार याला प्रेस डबल मारते असे म्हणतात. दणक्याने चार दिवस सुपरवायझरला सांगितले की प्रेस डबल मारायला लागली आहे. त्याच्या कानांनी ते हाताआधी ओळखले होते. सुपरवायझर म्हणाला, आजचा माल निघू दे.

मंगळवारी तिने डबल मारली. उजव्या हाताची तीन बोटे गेली, त्यात ते मधले. शेजारच्या कामगाराने मला नंतर सांगितले की दणक्या ओरडला नाही. त्याने हाताकडे पाहिले, मग खिळ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पेटी चालू आहे, बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. सोबत कागद, पेन आणि शाईचे पॅड नेले होते. त्याचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर होता. गाठोड्याच्या टोकाला तांबडा डाग पसरत होता, आणि तो बोलत असताना पसरतच राहिला. पेटी उशाशी होती, तिचा लाल दिवा पेटलेला.

"अण्णा, चूक माझी नव्हती. प्रेस डबल पडली. पेटीत आहे सगळं, स्वल्प ऐका की."

"गाणीबजावणी मागाहून. आधी अर्ज."

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो एक उत्तम मसुदा होता. यंत्राचे वर्णन, मालकाच्या दयाळूपणाची स्तुती, म्हाताऱ्या आईचा उल्लेख, सारे योग्य जागी. मग नियमाप्रमाणे मी तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. "माझ्या नजरचुकीने माझा उजवा हात यंत्रात गेला, त्याबद्दल क्षमा असावी, आणि कृपावंत होऊन मला न्याय द्यावा."

त्याने डोळे उघडले. "नजरचुकीनं कशाला अण्णा? माझी नजर तिथंच होती."

"ही पद्धत आहे. गल्लीच्या वेळी पाहिलेस ना? याच वाक्याने सुटलास."

त्याने वरच्या पंख्याकडे पाहिले. "पैसे मिळू नाहीतर न मिळू," तो म्हणाला, "पण हात माझा गेला, चूक माझी नव्हती, एवढं कुठंतरी लिहिलेलं पायजे."

"ते साहेब लिहितील. आपण नम्र राहायचे."

"सरी," तो कानडीत म्हणाला, म्हणजे बरे. "तुम्ही म्हणता तर सरी." मी त्याचा डावा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

त्याच कचेरीत झालेली सुनावणी तासभरही चालली नाही. मालकाच्या वकिलाने माझ्या अर्जातले ते एक वाक्य वाचले, चष्मा पुसला, आणि पुन्हा वाचले. बाकी काही बोलण्याची त्याला गरज पडली नाही. साहेबांनी दणक्याला विचारले, अंगठा तुझाच का? तो म्हणाला, माझाच. वाचून दाखवले होते का? त्याने माझ्याकडे पाहिले. "हो. मोठ्यानं." मग त्याचा डावा हात गळ्यातल्या पेटीकडे गेला. मी शेजारीच उभा होतो. मी त्याचे मनगट धरून खाली दाबले आणि कुजबुजलो, "येथे नको. साहेब रागावतील." त्याने जोर केला नाही. माझ्या पाच बोटांकडे पाहत तो उभा राहिला. निकाल लिहिला गेला: कामगाराच्या स्वतःच्या नजरचुकीमुळे.

गैरअर्जदार क्रमांक दोन कोण, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

बाहेर आल्यावर तो माझ्या टेबलापाशी थांबला. मी काहीतरी म्हणत होतो, अपील, मुदत, नवा मसुदा. त्याने डावी मूठ आवळली, खांद्यापासून उचलली आणि टेबलावर आणली. फक्त एकदा. टेबल मधोमध फाटून दोन्हीकडे कलंडले. शाई, शिक्के, मुद्रांक, वडिलांचा काचेचा पेपरवेट, सारे रस्त्यावर. फाटलेल्या लाकडातून पिवळा भुगा आणि पांढरी वाळवी भळभळून बाहेर पडली. त्याच्या मुठीतून रक्त गळत होते. तो त्या भुग्याकडे पाहून म्हणाला, "बघा. म्हटलं होतं की."

त्यानंतर तो माझ्याशी सहा-सात महिने बोलला नाही. मी नवे टेबल केले, सागवानी. नंजक्काने तेवढे दिवस मला चहा दिला, पण गप्पा दिल्या नाहीत. एकदा मीच विषय काढला तेव्हा म्हणाली, "तू वाचून दाखवलंस, त्याने ऐकलं. त्याने सांगितलं, तू ऐकलंस का?" आणि पेले विसळत राहिली.

मग मृण्मयी आली. कानावर लावायचे मोठे यंत्र घेऊन. "काका, दणक्याची रिलीज रेडी आहे. नाव 'डबल'. पण शेवटच्या ट्रॅकवर ॲक्चुअली तुमचा व्हॉइस आहे, सो तुमची परमिशन लागेल. त्याने मला पाठवलंय. तो स्वतः येणार नाही म्हणाला."

मी ते यंत्र कानांवर चढवले. आधी शांतता. मग माझा आवाज, दवाखान्यातला, ठसठशीत, सुरेल म्हणावा असा: माझ्या नजरचुकीने. पुन्हा: माझ्या नजरचुकीने. पुन्हा, जलद. मग प्रत्येक वेळी त्या वाक्यावर प्रेस पडू लागली. नजर, धण्. चुकीने, धण्. माझा आवाज चेपत गेला, फाटत गेला, त्याचे तुकडे उडू लागले. माझ्या गळ्यातून पत्र्यासारखी किंकाळी निघाली, जी मी कधी मारलेली नव्हती. भर बाजारात मला कोणी धरून ठेचतो आहे आणि मी मात्र क्षमा मागतोच आहे, असे ते होते. मी यंत्र काढून फेकले. त्याच जागी बसून अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा मसुदा सुरू केला. पेन इतके दाबले की दोन कागद फाटले.

मृण्मयी उठली नाही. "काका, लिहा नोटीस. पण एकदा फक्त मधला पार्ट ऐका. तिथे त्याने काहीच केलेलं नाही, रॉ ठेवलाय. आणि प्लीज, काउंट करा."

ऐकले. कारखान्याची घरघर. खट्. धण्. मग पत्रा सरकल्याचा आवाज. मग धण्.

"किती?" तिने विचारले.

मी पुन्हा ऐकले. चार वेळा ऐकले. खट् एक. धण् दोन. पायडल एकदाच दाबले गेले होते. दुसऱ्या धण्नंतर कोणीतरी कानडीत देवाचे नाव घेतले, आणि मग दणक्याचा स्वच्छ, शांत आवाज: पेटी चालू आहे, बंद करू नका.

हा पुरावा त्याच्या उशाशी होता. सुनावणीत त्याच्या गळ्यात होता. तो बाहेर काढणारा हात ज्याने दाबून ठेवला त्याला सदर विषयात स्वतःचे कौतुक होते की तो वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाही.

मी नोटीस फाडली आणि परवानगी लिहून दिली. एकच अट घातली: कॅसेटच्या वेष्टनावर माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि टेबलाचा पत्ता छापावा. मृण्मयी म्हणाली, "काका, आर यू शुअर? लोक शिव्या देतील." मी म्हणालो, ज्यांना द्यायच्या असतील त्यांनी शोधत फिरू नये.

प्रकाशन एका रविवारी दुपारी पीण्यातल्या बंद शेडमध्ये झाले. मिरवणुकीचे सहा मोठे स्पीकर टेम्पोतून आणले होते. मी कोट घालून गेलो. नंजक्काने निघताना माझ्या दोन्ही कानांत कापूस कोंबला. मृण्मयीसारखी संगणक कंपन्यांमधली पोरे होती, आणि भिंतीला धरून गल्लीतले कामगार. दणक्या फळ्यांच्या मंचावर उभा होता, डाव्या हाताने बटणे फिरवत, उजवा पंजा नुसता टेकवलेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आवाज सुरू झाला आणि पोरे एकमेकांच्या अंगावर आपटू लागली. एकाच्या नाकातून रक्त आले, त्याने ते कोपराने पुसले आणि पुन्हा उडी घेतली. पत्र्याचे छप्पर खिळ्यांतून थरथरत होते. कापसाचा काही उपयोग झाला नाही.

शेवटच्या गाण्यात मधला भाग आला तेव्हा सारे थांबले. खट्. धण्. धण्. भिंतीजवळच्या कामगारांपैकी एकाने हात वर केला. त्याला अंगठा नव्हता. मग दुसऱ्याने केला. मग पाच-सहा, मग दहा-बारा. कोणाची दोन बोटे नव्हती, कोणाची चार. ते नाचत नव्हते. हात वर धरून उभे होते, आणि त्या थिट्या पंजांवर छपराच्या फटीतून ऊन पडत होते. त्या क्षणी पुन्हा माझा आवाज सुरू झाला: माझ्या नजरचुकीने.

तेवढ्यात मालकाचा पुतण्या आला. सोबत तीन माणसे, हातात लोखंडी गज. बंद करा, असे कानडीत ओरडत त्यांनी पहिला स्पीकर फोडला. लाकडाच्या ढलप्या उडाल्या. मृण्मयीला एकाने ढकलले, ती वायरींत पडली. दुसरा स्पीकर फुटला. दणक्याने उरलेल्या चारांचा आवाज वाढवला. मी काय करतो आहे हे मला कळले तेव्हा मी तिसऱ्या स्पीकरपुढे उभा होतो, काखेत फाइल, आणि सांगत होतो की मी अर्जलेखक आहे, हा इसम माझा अशील आहे, आणि या प्रकाराची लेखी नोंद घेतली जाईल. पुतण्याने मला मारले. एक थोबाडीत, दुसरा पोटात, तिसरा मानेवर. चष्मा गेला. मग तो थांबला, श्वास घेत. मी वाकलेला होतो, ओठ फाटून रक्त शर्टावर टपटपत होते, आणि मी वाट पाहत होतो. तोवर कामगार भिंतीपासून सुटले होते. ज्यांना बोटे नव्हती ते कोपरांनी मारत होते. पुतण्याचा एक दात मी स्वतः जमिनीवर पाहिला. त्याचा शोध कोणी घेतला नाही. कामगार दाराकडे ओढून नेत असताना पुतण्याने मागे वळून मला शेवटची लाथ घातली.

धूळ खाली बसल्यावर दणक्या मंचावरून उतरला. मला धरून बसवले, डाव्या हाताने माझ्या तोंडावर पाणी मारले, आणि तेवढ्या महिन्यांनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"अण्णा, चौथा लागला की नाही?"

"लागला," मी म्हणालो.

"मग आता तुम्हाला माझं म्युझिक कळणार." गळ्यातल्या पेटीचा लाल दिवा पेटलेला होता. त्याने त्याकडे पाहिले. "हे पण आलंय सगळं. तुमचं 'लेखी नोंद घेतली जाईल' तर लय भारी आलंय."

त्यानंतर त्याला गल्लीत राहणे कठीण झाले. दोनदा खोलीवर दगड आले, एकदा आईच्या खाटेजवळ पडला. चेन्नईला एका ध्वनिशाळेत त्याला काम मिळाले, आईला घेऊन तो निघाला. मी सकाळी के. आर. पुरम स्टेशनवर पोचवायला गेलो. आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन गेला होता, डाव्या हाताच्या बोटाने त्याने सागवानाला टोला दिला, मान कलती केली, आणि म्हणाला, "हे भरीव आहे. हे टिकेल." फलाटावर त्याने डब्याच्या पत्र्यालाही टोला दिला आणि मगच आईला चढवले. गाडी सुटण्यापूर्वी गळ्यातली पेटी काढून माझ्या गळ्यात घातली. "माझ्याकडे कॉपी आहे. ही अस्सल. साक्षीदार तुमच्याकडे असू दे."

"मी तुझा हात दाबायला नको होता."

"मी पण सोडवून घेतला नाही की." गाडी हलली. "अण्णा, पुढच्या वेळी आधी ऐका, मग लिहा."

तेव्हापासून मी तसेच करतो. गिऱ्हाईक आले की पेन झाकून ठेवतो. धंदा निम्म्यावर आला आहे, कारण लोकांना मोकळेपणाने बोलू दिले तर ते फार वेळ बोलतात. ते वाक्य मी पुन्हा कोणाच्याही अर्जात लिहिलेले नाही. दणक्याचा फोन सुरुवातीला येई. आता बऱ्याच दिवसांत नाही. 'डबल' कोठे कोठे वाजते ते मृण्मयी सांगते, मला त्या गावांची नावे उच्चारता येत नाहीत. तेथल्या बंद खोल्यांतून अनोळखी पोरे माझ्या क्षमायाचनेवर एकमेकांना आपटतात, हे मात्र मी समजू शकतो.

सदर प्रकरण पुन्हा उघडावे म्हणून मी स्वतःच्या नावाने तीन अर्ज केले. तिन्ही परत आले. मुदत टळली आहे, आणि गाण्याची कॅसेट हा पुरावा होत नाही, असा शेरा आहे. म्हणून हा मजकूर आपणा वाचकांपुढे आणि, आपल्यातील कोणी निकाल देणाऱ्या साहेबाच्या खुर्चीवर बसत असल्यास, त्याच्यापुढे ठेवीत आहे. विनंती येणेप्रमाणे. दणक्याच्या अर्जातील ते वाक्य त्याचे नसून माझे आहे, असे नोंदवून ते खोडावे. गैरअर्जदार क्रमांक दोन म्हणून मला समन्स काढावे. मी कधीही हजर राहीन. काळी पेटी भर सुनावणीत, दार उघडे ठेवून, पूर्ण आवाजात वाजवावी, आणि हजर असलेल्या प्रत्येकाने मोजावे.

हा अर्ज मी मोठ्याने वाचून पाहिला आहे. नंजक्का ऐकत होती. शेवटी "आपला नम्र" लिहिण्याची पद्धत आहे, ती येथे हेतुपुरस्सर वगळली आहे. उत्तर लेखी मिळावे. ते तीन शब्दांचे असले तरी पुरेल: चूक त्याची नव्हती.